पिकअप म्हणजे टॉर्क नव्हे

नवीन गाडी घेतलेल्या माणसाला आपल्याकडे तीन प्रश्न हमखास विचारले जातात. केवढ्याला पडली, अ‍ॅव्हरेज किती देते, आणि पिकअप कसा आहे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं आकड्यात देता येतात (दुसऱ्याचं उत्तर देताना माणूस थोडं खोटं बोलतो, ते चालायचंच). तिसऱ्याला मात्र आकडा नसतो. मग "मस्त उचलते", "थर्डवर घाट चढते" असं काहीतरी सांगून वेळ मारून नेली जाते. आणि समोरचा जाणकार असला तर मान डोलावून म्हणतो, "टॉर्क आहे ना तिला."

परवा ऑफिसखालच्या टपरीवर हाच विषय निघाला. टीममधल्या एकाला सेकंडहँड गाडी घ्यायची आहे. सल्ला द्यायला अर्थातच सहा जण. "डोळे झाकून डिझेल घे. टॉर्कचा आकडा बघ, जवळजवळ दुप्पट आहे." मग कोणीतरी ते नेहमीचं इंग्रजी वाक्य टाकलं, की हॉर्सपॉवरवर गाड्या विकल्या जातात आणि टॉर्कवर शर्यती जिंकल्या जातात. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी एकटाच "असं नाहीये" म्हणालो आणि चहा संपेपर्यंत एकटाच पडलो. म्हणून हा वीकएंड इथे खर्ची घालतोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ते वाक्य उलटं आहे. निदान आपल्याकडे तरी गाड्या टॉर्कवर विकल्या जातात, आणि शर्यत पॉवरवर जिंकली जाते. हा नुसता टपरीवरचा वाद असता तर मी एवढं लिहिलंही नसतं. पण हा गैरसमज डोक्यात घेऊन मी एकदा एका ट्रकच्या बाजूला जाऊन अडकलोय. ते पुढे सांगतो.

आधी टॉर्क म्हणजे काय ते बघू. टॉर्क म्हणजे पीळ, फिरवण्याचा जोर. पंक्चर झालेल्या चाकाचा नट हलत नाही तेव्हा आपण काय करतो? पान्यावर उभे राहतो. माझं वजन ६५ किलो. फूटभर लांबीच्या, म्हणजे साधारण ३० सेंटीमीटरच्या आडव्या पान्याच्या टोकावर मी उभा राहिलो, तर नटावर किती पीळ पडतो? ६५ गुणिले ९.८ गुणिले ०.३, म्हणजे १९१ न्यूटन मीटर. आता हा आकडा लक्षात ठेवा आणि मारुतीच्या जुन्या १.३ लिटर डिझेल स्विफ्टचं माहितीपत्रक आठवा. कमाल टॉर्क १९० न्यूटन मीटर. म्हणजे टॉर्कच्या हिशोबात मी स्वतःच एक डिझेल स्विफ्ट आहे :-)

मग मी गाडी का ओढू शकत नाही? कारण मी तो पीळ एकदा देतो आणि पान्यावरून खाली उतरतो. ते इंजिन तोच पीळ मिनिटाला २००० फेऱ्या मारत देत राहतं. सगळा फरक या 'फेऱ्या मारत' मध्ये आहे. पीळ आणि फिरण्याचा वेग यांचा गुणाकार म्हणजे पॉवर. न्यूटन मीटर गुणिले आरपीएम भागिले ९५४९ केलं की किलोवॉट मिळतात. टॉर्क सांगतो की जोर किती. पॉवर सांगते की त्या जोराने सेकंदाला काम किती झालं. एक मेट्रिक हॉर्सपॉवर म्हणजे ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर उचलणं, बस्स. मी १२ मीटर उंचीचे जिने २० सेकंदांत धावत चढलो तर साधारण अर्धा हॉर्सपॉवर होतो, आणि वर पोचल्यावर पाच मिनिटं बोलण्याच्या लायकीचा राहत नाही.

हॉर्सपॉवर हे माप विक्रीसाठी वापरलं गेलं, हे मात्र खरं आहे. जेम्स वॉटला आपली वाफेची इंजिनं घोड्यांनी कामं करून घेणाऱ्या लोकांना विकायची होती. एक इंजिन किती घोड्यांचं काम करेल हे त्यांच्या भाषेत सांगायला त्याने हे माप ठरवलं. पण एखादं माप विक्रीला उपयोगी पडलं म्हणून ते खोटं ठरत नाही. घोडे मोजणाऱ्या माणसाला नेमकं तेच हवं होतं, की दिवसभरात काम किती होईल.

आता गिअरबॉक्स. टॉर्कवाल्या मंडळींचा सगळा गोंधळ इथे आहे. गिअरबॉक्स म्हणजे सुटे पैसे देणारा माणूस. तुम्ही त्याला पाचशेची एक नोट द्या, तो शंभराच्या पाच देईल. पाच शंभराच्या द्या, एक पाचशेची देईल. रक्कम वाढत नाही (उलट थोडी वर्तावळ तो ठेवून घेतो, घर्षणाच्या नावाखाली). फेऱ्या कमी करून पीळ वाढवायचा, की पीळ कमी करून फेऱ्या वाढवायच्या, हे गिअर ठरवतो. पण दोघांचा गुणाकार, म्हणजे पॉवर, काही त्याला वाढवता येत नाही. म्हणून इंजिनाचा टॉर्क हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. चाकापर्यंत पोचेपर्यंत त्याचे किती सुटे होणार आहेत, ते माहीत नसतं.

उदाहरण घेऊ. २०१० च्या आसपासच्या दोन स्विफ्ट. बॉडी तीच, सीट त्याच. डिझेल: ७५ पीएस ४००० आरपीएमला, १९० न्यूटन मीटर २००० आरपीएमला. १.२ लिटर पेट्रोल: ८५ पीएस ६००० आरपीएमला, ११३ न्यूटन मीटर ४५०० आरपीएमला. टॉर्कच बघायचा तर डिझेलकडे ६८ टक्के जास्त. मग डिझेल ६८ टक्के जोरात पळायला हवी. पळत नाही. का?

दोन्ही गाड्या रस्त्यावर एकाच वेगाने चालल्या आहेत आणि दोन्हींचे ड्रायव्हर इंजिनातलं सगळं काढून घेतायत असं समजा. डिझेल ४००० वर आहे. ७५ पीएसवरून हिशोब केला तर तिथे तिचा टॉर्क १३२ उरलाय. पेट्रोल ६००० वर आहे, तिथे तिचा टॉर्क ९९. पण त्याच वेगाला पेट्रोलचं इंजिन दीडपट फिरतंय, म्हणजे तिला दीडपट खालचा गिअर परवडतो. ९९ गुणिले दीड म्हणजे जवळजवळ १४९. डिझेलच्या मापाने मोजलं तर चाकाला १३२ विरुद्ध १४९. कागदावर ७७ न्यूटन मीटरने मागे असलेली गाडी चाकावर पुढे आहे. आणि हे १३२ ला १४९ चं प्रमाण बघा, ते बरोबर ७५ ला ८५ आहे. पॉवरचा आकडा हेच तर सांगत होता.

"मग डिझेल चालवताना पाठ सीटला का चिकटते?" हा प्रश्न टपरीवर आलाच. रास्त आहे. त्याचं उत्तरही पॉवरमध्येच आहे, फक्त कमाल पॉवरमध्ये नाही. २००० आरपीएमला डिझेलकडे १९० न्यूटन मीटर, म्हणजे ५४ पीएस. त्याच २००० ला पेट्रोलकडे अगदी तिचा कमाल ११३ धरला तरी ३२ पीएस, त्याच्या वर शक्यच नाही. आपण शहरात कुठे चालवतो? १५०० ते २५०० मध्ये. तिथे डिझेल खरोखरच दीडपटीहून जास्त पॉवरची गाडी आहे. लोक ज्याला "टॉर्क आहे" म्हणतात, ते खरं तर "कमी आरपीएमला भरपूर पॉवर आहे" असं असतं. वाक्य लांब आहे, म्हणून टॉर्क म्हणून मोकळे होतात. आणि एकाच गिअरमध्ये राहिलात तर गाडी सगळ्यात जोरात टॉर्कच्या शिखरावरच खेचते, हेही शंभर टक्के खरं आहे. घोळ आहे तो 'एकाच गिअरमध्ये राहिलात तर' या अटीत.

आता तो ट्रक.

बाबांकडे तेव्हा २००९ ची डिझेल स्विफ्ट होती, मी गाडी शिकलो ती तीच. नंतर मी स्वतःसाठी २०१० ची पेट्रोल घेतली, सेकंडहँड. आम्ही चिपळूणहून कराडला निघालो होतो. मी चालवत होतो, शेजारी बाबा, मागे आई आणि आत्या, एसी चालू. कुंभार्ली घाट चढून वर आलो, कोयनानगर मागे पडलं, आणि पुढे पाटणच्या बाजूला एका ट्रकच्या मागे अडकलो. तो पन्नास-पंचावन्नने चाललेला. सरळ पट्टा दिसला, समोर बऱ्यापैकी मोकळं होतं. मी बाहेर काढली आणि पाय दाबला. चौथ्या गिअरमध्ये. बाबांच्या गाडीत हे मी शंभर वेळा केलं होतं.

काहीच झालं नाही. म्हणजे आवाज बदलला, काटा हलल्यासारखा वाटला, पण ट्रकचं मागचं चाक खिडकीच्या बाजूलाच राहिलं. तेवढ्यात समोरच्या वळणावरून एसटी आली, डिपर मारत. मी ब्रेक दाबला, ट्रकच्या मागे परत शिरलो, आणि एसटी हॉर्न देत बाजूने गेली. मागे आत्याने "विठ्ठला" एवढंच म्हटलं. बाबा काही बोलले नाहीत. पाच मिनिटांनी त्यांनी विचारलं, "गिअर कुठला होता?"

"चौथा."

"हं."

त्या रात्री मी कागद-पेन घेऊन बसलो. ढोबळ हिशोब आहे, पण डोळे उघडणारा. माणसांसकट गाडी १२५० किलो धरा. ट्रक ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर. त्याच्या मागून त्याच्या पुढे सुरक्षित जायला मला त्याच्यापेक्षा ४० मीटर जास्त कापायचेत. समोरून येणारी गाडी ताशी ७२, म्हणजे सेकंदाला २० मीटर. ढकलणारा जोर म्हणजे चाकाला मिळालेली पॉवर भागिले वेग, आणि ओव्हरटेक करताना माझा वेग सरासरी सेकंदाला २० मीटर धरू. हवा आणि रस्ता मिळून मागे खेचतात अंदाजे ३०० न्यूटन.

चौथ्या गिअरमध्ये इंजिन २००० च्या आसपास. चाकाला फार तर २० किलोवॉट. जोर १००० न्यूटन, त्यातले ३०० गेले, उरले ७००. त्वरण ०.५६. चाळीस मीटर मिळवायला १२ सेकंद. तेवढ्यात मी २२० मीटर जातो, समोरचा २४० मीटर येतो. मला ४६० मीटर मोकळा रस्ता दिसायला हवा.

दुसऱ्या गिअरमध्ये त्याच वेगाला इंजिन चार हजारांच्या आसपास. तिथून वर साधारण ४५ किलोवॉट चाकाला मिळतात (मध्ये एकदा तिसरा टाकावा लागतो). जोर २२५० न्यूटन, ३०० वजा, उरले १९५०. त्वरण १.५६. वेळ ७ सेकंदांच्या जरा वर. लागणारा रस्ता २९० मीटर.

तीच गाडी, तेच इंजिन, तोच ट्रक. फरक १७० मीटरचा, आणि तो फरक माझ्या डाव्या हातात होता. माहितीपत्रकातल्या टॉर्कच्या आकड्याचा यात काडीचा संबंध नव्हता. त्या क्षणी इंजिन किती पॉवर देतंय, एवढाच प्रश्न होता. आणि डिझेलच्या सवयीने मी तो कधी स्वतःला विचारलाच नव्हता.

शर्यतीतले ड्रायव्हर हा प्रश्न दर सेकंदाला विचारतात. २००० नंतरच्या फॉर्म्युला वनच्या तीन लिटर व्ही-१० इंजिनांचं उदाहरण घ्या. १९००० आरपीएम आणि ९०० च्या आसपास हॉर्सपॉवर. यांचा टॉर्क किती असेल? हिशोब करा, त्या आरपीएमला साधारण ३३३ न्यूटन मीटर येतो. एखाद्या मोठ्या डिझेल एसयूव्हीपुढे मान खाली घालावी असा आकडा. पण १९००० फेऱ्या असल्यामुळे गिअरने त्याचे हवे तेवढे सुटे करता येतात. म्हणून तर त्या गाड्यांना सात-सात गिअर असत आणि ड्रायव्हर सतत गिअर बदलत असे: इंजिन पॉवरच्या शिखरापासून हलू नये म्हणून.

टॉर्कवाले इथे ल माँचं नाव काढतात. २००६ साली ऑडीच्या आर१० या डिझेल गाडीने ल माँची २४ तासांची शर्यत जिंकली, डिझेलचा हा तिथला पहिलाच विजय. २००७ आणि २००८ मध्येही तीच जिंकली. टॉर्क ११०० न्यूटन मीटरच्या वर. पण तिची पॉवरही ६५० हॉर्सपॉवरच्या वर होती, हे कोणी सांगत नाही. शिवाय तेव्हाच्या नियमांत डिझेलला साडेपाच लिटरचं इंजिन चालत होतं, टर्बो पेट्रोलला चार लिटरचं. आणि दर लिटरमागे डिझेल जास्त अंतर नेतं, हा २४ तासांच्या शर्यतीत मोठाच फायदा. त्या ११०० चा उपयोग नव्हता असं मी म्हणत नाही. वळणातून बाहेर पडताना इंजिन कुठल्याही आरपीएमला तयार असेल तर ड्रायव्हरचं काम सोपं होतं, गिअर कमी वेळा बदलावे लागतात. पण सरळ पट्ट्यावर ती पळाली ती ६५० हॉर्सपॉवरवर. आणि अगदी कमी वेगात तर दोन्ही आकडे बाजूला राहतात. तिथे टायर जमिनीला धरून राहतो का, एवढाच प्रश्न असतो.

आता नव्या पिढीचं नवं कौतुक म्हणजे इलेक्ट्रिक गाड्या. "शून्य आरपीएमपासून पूर्ण टॉर्क!" खरं आहे, आणि चालवायला खरोखर मजा येते. पण तिथेही खरी गंमत ही आहे की गिअर बदलायची, इंजिन वर चढायची वाट बघावी लागत नाही. पाय दाबला की त्या वेगाला जेवढी पॉवर शक्य आहे तेवढी लगेच मिळते. म्हणजे मी त्या ट्रकमागे जे हाताने करायला विसरलो, ते ती गाडी आपणहून करते. पुढे वेग वाढला की तिचाही टॉर्क उतरतो आणि पॉवरच हिशोब ठरवते.

तर मग गाडी घेताना काय बघायचं? कमाल टॉर्क, कमाल पॉवर, दोन्ही आकडे एकेका ठिपक्याचे आहेत. आपण ठिपक्यावर गाडी चालवत नाही. रोज ऑफिसला, सिग्नल टू सिग्नल, गिअर बदलायचा कंटाळा असेल तर खालच्या आरपीएमला पॉवर देणारी गाडी घ्या. त्याला टॉर्क म्हणायचं तर म्हणा, माझी हरकत नाही. पण टेस्ट ड्राइव्हला शोरूमच्या भोवती चौथ्या गिअरमध्ये एक चक्कर मारून "पिकअप आहे" म्हणू नका. मोकळा रस्ता बघून दुसऱ्या गिअरमध्ये पाच हजारांपर्यंत एकदा नेऊन बघा. शेजारी बसलेल्या सेल्समनचा चेहरा पडेल, पण गाडी कळेल.

आणि गाडी आधीच घेतलेली असेल तर त्याहून महत्त्वाचं. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मला वरचा गिअर कधी टाकायचा ते नीट शिकवलं होतं, अ‍ॅव्हरेजसाठी. ओव्हरटेकच्या आधी खालचा गिअर टाकायचा, हे एकदाही नाही. उलट इंजिन जरा ओरडलं की शेजारी बसलेला प्रत्येक जण "अरे, गिअर टाक" म्हणतो. त्या ओरडण्याला आपण घाबरतो. इंजिन ओरडतं कारण ते काम करतंय. दोन पदरी रस्त्यावर, ट्रकच्या शेजारी, ते ओरडलेलंच बरं.

त्या दिवशी कराडला पोचून चहा प्यायला थांबलो तेव्हा मी बाबांना म्हटलं, "तुमची डिझेल चौथ्यात सुद्धा निघून गेली असती." ते म्हणाले, "म्हणूनच तुला सवय लागली नाही. आमच्या फियाटला खालचा गिअर टाकल्याशिवाय सायकलसुद्धा ओव्हरटेक व्हायची नाही. त्यामुळे आधी गिअर, मग बाहेर."

बशीत चहा ओतत ते पुढे म्हणाले, "चल, आता चावी दे."

मी दिली.